पहिल्या टेबलाचा मान

अर्धापूरच्या पुढं, रस्त्याला लागून एक मोठं पत्र्याचं शेड आहे. तिथं केळीचे घड येतात, त्यांच्या फण्या निघतात, धुतल्या-पुसल्या जातात, खोक्यांत बसतात आणि कंटेनरमधून समुद्रापलीकडं जातात. त्या शेडवर मी कामाला आहे. पण पहिली तीन वर्षं ‘कामाला’ हा शब्द आमच्या घरात चालायचा नाही. ‘शेडवर जरा लक्ष द्यायला जाते’, असं माझा नवरा चारचौघांत सांगायचा. सकाळी साडेआठपासून संध्याकाळी सहापर्यंत कमरेत वाकून ओल्या फडक्यानं केळी पुसायची, आणि त्याला म्हणायचं लक्ष देणं! तरी मला ते ऐकून बरं वाटायचं, हेही सांगून टाकते.

घरी अडीच एकर जमीन, तीही वाटणीत लांबडी होऊन आलेली. पोरगी लातूरला, डॉक्टरकीच्या परीक्षेच्या शिकवणीला. लातूरला लेकरू ठेवलं की घरातलं एक माणूस मजुरीला घालावं लागतं, एवढं मात्र तिथल्या जाहिरातींत कुठं लिहिलेलं नसतं. खोलीचं भाडं, मेस, पुस्तकं, चाचणीची फी. नवरा म्हणाला, आपल्या भावकीतल्याच माणसाचं शेड हाय, तिथं गेलं तर कुणी नावं ठेवणार न्हाई. मालक माझा लांबचा चुलत दीर. तो मला ‘वहिनी’ म्हणायचा, मी त्याला ‘भाऊजी’. नातं इतकं जपायचा की पगाराचा विषय निघाला की त्याच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी राहायचं.

“वहिनी, तुम्ही घरच्या. तुम्हाला का मजुरी देऊ मी? जीभ झडंल माझी. तुम्हाला मानधन!”

मजुरी बाकीच्यांना, मानधन आम्हाला. आम्ही पाचजणी होतो मानधनवाल्या, सगळ्या मराठ्याच्या, सगळ्या कुणाच्या ना कुणाच्या भावकीतल्या. आमचं ते पहिलं टेबल. कामाच्या क्रमानं बघाल तर ते मधलं होतं. आधी फण्या काढायच्या, मग हौदात धुवायच्या, मग आमच्याकडं पुसायला आणि स्टिकर लावायला, आणि शेवटी खोक्यात भरायला. पण पंखा आमच्या डोक्यावर होता आणि मालकाची केबिन आमच्या शेजारी, म्हणून आम्ही पहिल्या.

फण्या काढायच्या टेबलावर गावच्या बौद्ध वस्तीतल्या बायका होत्या. हातात वाकडी सुरी, आणि केळीचा चीक हातावर पडून पडून बोटं काळी. त्यांच्यात एक म्हातारी होती, तिचा हात असा की एक फणी दुसरीला खरचटायची नाही. इथं मी तिला मावशी म्हणते. तेव्हा मी तिला नुसत्या नावानं हाक मारायचे, अगं-तुगं करून, ती माझ्या आईच्या वयाची असून. ती मला ‘बाई’ म्हणायची. दोघींनाही त्यात काही वावगं वाटायचं नाही. निदान मला तरी.

खोकी भरायच्या टेबलावर नांदेडच्या सहा मुसलमान बायका. रोज एका ऑटोत कोंबून यायच्या. त्यांची पुढारी आपा. आपाचं घर जुन्या नांदेडात, नवरा पूर्वी बँडमध्ये वाजवायचा, आता खाटेवर. खोक्यात फण्या बसवायचं काम दिसतं सोपं, पण एक फणी तिरकी बसली तर वाटेत सगळं खोकं काळं पडतं. आपा डोळे मिटून बसवायची. डोळे मिटून म्हणजे अगदी खरंच, कारण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता आणि ऑपरेशन ती ‘ईद के बाद, ईद के बाद’ करत ढकलत होती.

पाणी तीन ठिकाणी. आमच्यासाठी केबिनपाशी थंड पाण्याचा जार. मावशीच्या टेबलासाठी बाहेर लिंबाखाली माठ. नांदेडच्या बायका बाटल्या घरून आणायच्या, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. जार आणि माठ शेडमागच्या एकाच बोअरच्या नळाला भरायचे, हे मी या डोळ्यांनी बघितलं होतं. तरी जारचं पाणी मला गोड लागायचं. चहाचंही तसंच. आम्हाला काचेचे ग्लास, बाकीच्यांना कागदी कप. आम्हाला प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यांना उलटे केलेले क्रेट.

आता इतका मान असल्यावर पैसे विचारायचे कसे? आमचे पैसे भाऊजी बंद पाकिटात द्यायचा, दोन्ही हातांनी, मान खाली घालून, एखाद्या लग्नात आहेर द्यावा तसा. बाकीच्यांना रोख, हातावर. घरंदाज बाईनं चारचौघांत नोटा मोजायच्या नसतात, म्हणून आम्ही पाकीट न उघडता कमरेला खोचायचो. आणि एकमेकींना कधी विचारायचो नाही. कुणी चुकून विषय काढलाच तर आमच्यातली थोरली जाऊबाई म्हणायची, “मोजायची सवय मजुरांना.” आम्ही माना डोलवायचो. भाऊजीनं मला एकदा हळूच सांगितलं होतं, “त्या दोन्ही टेबलांना तुमच्यापेक्षा कमी हाय वहिनी, पण बोलू नका, उगं वाईट वाटंल त्यांना.” मी कशाला बोलते! मला तर त्यांची दया यायची. आपाचा फाटका बुरखा बघितला की वाटायचं, बिचारी.

मग माल घेणाऱ्या कंपनीनं नियम काढला, पगार बँकेतूनच द्या. पाकिटं बंद झाली. दर शनिवारी संध्याकाळी सगळ्यांच्या फोनवर टिंगटिंग व्हायचं. आम्ही घरंदाज म्हणून आपापल्या कोपऱ्यात तोंड करून मेसेज बघायचो.

त्या शनिवारी मी हौदापाशी हात धूत होते. आपा चाचपडत आली, फोन माझ्यापुढं धरला.

“वैनी, जरा देखके बोलो ना, कितने आये? मेरेकू बारीक दिखताच नै. छोकरियां ऑटो में जाके बैठे.”

मी हात पुसले, फोन घेतला. एकवीसशे.

मला वाटलं आधीच्या आठवड्याचे मिळून असतील. वर बघितलं, खाली बघितलं. सहा दिवसांचे एकवीसशे. माझ्या फोनवर पाच मिनिटांपूर्वी आले होते अठराशे. मला, वहिनीला, घरच्या बाईला, खुर्चीवर बसून काचेच्या ग्लासात चहा पिणारीला अठराशे. आणि क्रेटवर बसणारीला एकवीसशे. कानामागं काहीतरी तापलं. भाऊजीचा राग यायला पाहिजे होता ना? आला आपाचा. हिला कशाला इतके?

“कितने, वैनी?”

“अठराशे,” मी म्हणाले.

का म्हणाले, हे मला आजही नीट सांगता येत नाही. पुढचं काही मी ठरवलं नव्हतं, तिला फसवून मला काय मिळणार होतं? फक्त त्या घडीला तिच्या तोंडावर एकवीसशे म्हणणं मला जमलं नाही. इतका हलकेपणा माझ्यात असेल असं मला वाटलं नव्हतं. असो, होता.

आपाचं तोंड उतरलं. “तीन सौ काट लिया मुये ने,” ती म्हणाली. खोकं फुटलं की भाऊजी त्यांच्या मजुरीतून कापायचा, हे मला तेव्हा कळलं. “एक भी खोका नै फूटा इस हप्ते में!” आणि फोन हिसकून ती तरातरा केबिनकडं निघाली. मी तिला थांबवायला तोंड उघडलं आणि मिटलं.

भाऊजी केबिनच्या दारात उभा होता. आमचं टेबल पदर सावरून घरी निघालेलं, मावशीचं टेबल सुऱ्या धूत होतं. सगळ्यांसमोर आपानं फोन त्याच्या नाकापुढं धरला.

“सेठ, मेरे पैसे कायकू काटे?”

भाऊजीनं मेसेज बघितला. “कुठं काटे? पुरे आये.”

“पुरे याने कितने?”

आता भाऊजीनं आमच्या टेबलाकडं बघितलं. जाऊबाई चप्पल घालता घालता थांबली होती.

“जितने आते उतनेच आये,” तो म्हणाला.

“वोच पूछ रइ मैं. कितने?”

“हप्त्याचे जितके असतात तितके!”

“आकडा बोलो ना सेठ! मुंह में क्या है?”

बाई बाई बाई! काय तो माणूस घामाघूम झाला. पैसे पुरे दिलेत, फोनवर पुरावा आहे, आणि तोंडातून आकडा काढता येत नाही. काढला तर पहिलं टेबल ऐकणार. त्यानं फोन तिच्या डोळ्यांना टेकवला, “बघ, बघ तूच,” आणि ती म्हणते दिसत नाही. त्यानं तिच्या कानाशी जायचं केलं तर ती दोन पावलं मागं सरकली, परक्या पुरुषानं कानाशी लागायचं म्हणजे काय! मला हसू यायला लागलं होतं. तेवढ्यात त्याचं डोकं फिरलं.

“चोर म्हणतीस का मला? माझ्या शेडवर, माझ्यासमोर? सोमवारपासून यायचं नाही. तू पण न्हाई अन् तुझा ऑटो पण न्हाई. सहाच्या सहा बंद!” आणि मग दमानं विचारलं, “कुणी वाचून दाखवलं तुला हे?”

आपानं माझ्याकडं तोंडसुद्धा वळवलं नाही.

“कोइ नै,” ती म्हणाली. “मैंच पढी. नजर खराब है मेरी. गलत पढी होगी.”

माझं हसू जागच्या जागी गोठलं. सहा घरांची चूल माझ्या एका खोट्यावर विझणार होती. ज्या बाईच्या हातचं घोटभर पाणी मी तीन वर्षांत घेतलं नव्हतं, तिनं माझ्यावरचा आळ आपल्या डोळ्यांवर घेतला होता. आणि हे निस्तरायचं म्हणजे मला काय सांगावं लागणार होतं? मी खोटारडी आहे, हे सोपं होतं. अवघड ते दुसरं होतं. मला आपापेक्षा कमी मिळतात, हे माझ्या तोंडानं, या सगळ्यांसमोर. खरं सांगते, खोटारडेपणाची लाज मला कमी वाटत होती.

“भाऊजी,” मी म्हणाले. “मी वाचलं. खोटं वाचलं. तिला एकवीसशे आलेत. अठराशे मला आलेत, ते मी तिचे म्हणून सांगितले.”

मला वाटलं आता आमचं टेबल भाऊजीवर तुटून पडेल. जाऊबाई माझ्यावर तुटून पडली.

“अगं ए, चारचौघांत सांगायची गोष्ट हाय का ही? लाज बिज हाय का न्हाई तुला?”

“तुम्हाला किती येतात, जाऊबाई?”

“मी न्हाई सांगत.”

म्हणजे अठराशेच. तिकडं मावशी जोरात हसली. सुरी धुता धुता, तोंडाला पदर न लावता हसली. “अगं माय! आमाला साडेअठराशे हायेत. पन तास आधी येऊन हौद आमीच घासतो, त्याचं काईच न्हाई. मालक सांगतो, पहिल्या टेबलावर दुप्पट हाय, पन त्या मालकाच्या घरच्या, त्यांच्यावर जळू नका.” मग ती भाऊजीकडं वळली. “मालक, सगळ्यांलाच गंडिवलं की ओ! भेदभाव न्हाई केला तुमी.”

भाऊजी केबिनमध्ये गेला आणि त्यानं आतून कडी लावली.

रात्री घरात जे झालं ते सगळं सांगत नाही. नवरा ताटावरून उठला. “नाक कापलंस,” म्हणाला. बायकोला तीनशे कमी मिळाले याचं त्याला काही नव्हतं. ते गावाला कळलं याचं दुःख होतं. मी म्हटलं, नाक तीन वर्षांपासून कापलेलंच होतं, मी फक्त आरसा दाखवला. मग फोनवर पोरीला सांगितलं. ती लातूरहून म्हणाली, “आई, तू खोटं वाचलंस?” बाकीचं तिनं ऐकलंच नाही. त्यानंतर मला झोप लागली नाही.

सहाच्या सहा बंद म्हटलं होतं, तरी सोमवारी नांदेडचा ऑटो आला. सहाजणी उतरल्या आणि आत न जाता लिंबाखाली बसल्या. मावशीचं टेबल तिथं आधीच होतं. आम्ही पाचजणी मधोमध, इकडं ना तिकडं. आत तोडलेले घड रचून ठेवलेले, रस्त्यावर कंटेनर येऊन उभा, त्याच्या ड्रायव्हरचं हॉर्न वाजवणं चालू. केळी काही कुणाची वाट बघत नाहीत. भाऊजी बाहेर आला तो सरळ आमच्याकडं. हात जोडून, अगदी हळू आवाजात.

“वहिनी, तुमच्या टेबलाला रोजचे वीस वाढवतो. फक्त तुम्ही आत चला. त्यांच्यासोबत बसणं शोभतं का आपल्याला?”

आमच्यातल्या दोघींचे पाय उचललेसुद्धा होते. तेव्हा लिंबाखालून मावशी म्हणाली, “बाई, आपल्या कानात सांगतेत का कायतरी? जोरात सांगायला लावा की, आमी बी ऐकतो.”

मावशीच्या त्या ‘आपल्या’नं मला काय झालं कोण जाणे. मी म्हटलं, “भाऊजी, जोरात सांगा. आणि आकडा सांगा.”

त्यानं जोडलेले हात सोडले. मी जाऊन लिंबाखाली बसले. क्रेटवर. खुर्चीपेक्षा टोचतो, खोटं कशाला सांगू. माझ्या मागं दोघी आल्या. जाऊबाई आणि तिची धाकटी जाऊ उन्हात उभ्या राहिल्या, आत नाही आणि इकडंही नाही, पदर डोक्यावर ओढून. दुपारी दोनपर्यंत बसलो. डबे उघडले. आपानं भाकरीवर खिमा दिला, मी म्हटलं मला चालत नाही, ती म्हणाली मग लोणचं घे. घेतलं.

दोन वाजता भाऊजीनं दारातून ओरडून आकडा सांगितला. सगळ्यांना रोज साडेतीनशे. हौद घासायच्या तासाचे वेगळे. फुटलेल्या खोक्याचं कापणं बंद. ओरडताना त्याचा आवाज असा लागला की कंटेनरच्या ड्रायव्हरनंही ऐकला. आम्ही आत गेलो आणि रात्री आठपर्यंत काम करून माल भरला.

जाऊबाई आणि तिची धाकटी जाऊ त्या आठवड्यात काम सोडून घरी बसल्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, त्यांच्या बरोबरीची मजुरी घ्यायची म्हणजे काय राहिलं आपलं? कमी होती तेव्हा घेत होत्या. सारखी झाली ती घेववली नाही. आम्हाला लुबाडायला लोकांनी कितीही माथेफोड केली तरी आमचं नुकसान करण्यात आमचा हात कुणी धरायचा नाही.

भाऊजीनं मला वहिनी म्हणणं सोडलं. आता ‘ओ बाई’ म्हणतो. खुर्च्या गेल्या, ग्लास गेले, सगळ्यांनाच कागदी कप. पाण्याचं मात्र अजून जार आणि माठ असंच चाललंय. मावशीला मी मावशी म्हणायला लागले, त्यावर तिनं पहिल्या दिवशी नुसतं बघितलं माझ्याकडं.

आपाशी मी लई दिवस नीट बोलू शकले नाही. एका डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर ती हिरवी पट्टी लावून परत आली, तेव्हा एकदा चहाला तिच्याशेजारी बसले आणि विचारूनच टाकलं. त्या दिवशी तू माझं नाव का घेतलं नाहीस? मी खोटं वाचलं, हे तुला कळलं नव्हतं ना?

“उसी वखत मालूम हुआ,” ती म्हणाली. “सेठ ने तुम्हारे टेबल कू देखा ना, तब. तुमना अठराशेच आते, ये हमना पैलेसे मालूम था.”

“पहिल्यापासून?”

“हौ. तीन साल से. तुम्हारे भाऊजी का ड्रायवर हमारे मोहल्ले का है.”

तीन वर्षं! तीन वर्षं ही बाई मला ‘सलाम वैनी’ म्हणत माझ्या खुर्चीपुढून जात होती, आणि मी तिची कीव करत होते.

“मग सांगितलं का नाहीस गं?”

आपानं कप खाली ठेवला. तिच्या उघड्या डोळ्यात हसू होतं, पण ते माझ्यावरचं नव्हतं.

“मजा आती थी,” ती म्हणाली. “तुम हमारा पानी नै पीते थे, और पैसे हमसे कम लेके जाते थे. हम छे के छे ऑटो में हंसते जाते थे नांदेड तक. सेठ हमारे खोके के पैसे काटता, तो बी हंसते थे. की चलो, वो टेबल से तो जादाच है.”